सामाईक जिना, मास्कचा नियम आणि दंडाची पावती



जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात मास्कची सक्ती त्याच्याही वर्षभर आधी, एप्रिल २०२२ मध्ये उठली होती. मग आता हा विषय कशाला उकरून काढता, असे काही साथी विचारतील. कारण साधे आहे. साथ अंगावर आली की नियम घाईने होतात, आणि घाईने केलेला नियम ज्याच्या हातात सर्वांत कमी सत्ता असते त्याच्याच गळ्यात पडतो. आपण मागणीपत्र संपाच्या आदल्या रात्री लिहायला बसत नाही. ते आधी लिहितो, शाखांतून फिरवतो, त्यावर भांडतो आणि मग व्यवस्थापनापुढे ठेवतो. वसाहतींमधील मास्कच्या नियमाचेही तसेच व्हायला हवे.

प्रश्न वसाहतींचा आहे, कारण रस्ता, बाजार, स्टेशन यांच्याबद्दल सरकारने भरपूर आदेश काढले. मुंबई महानगरपालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी मास्क सक्तीचा केला, केंद्रीय गृहमंत्रालयाने १५ एप्रिलच्या आदेशाने सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी देशभर तो लागू केला. पण घराच्या दाराबाहेर आणि रस्त्याच्या अलीकडे जी जागा असते तिचे काय? जिना, लिफ्ट, मजल्यावरची गॅलरी, मीटरची खोली, पाण्याचा नळ, सामाईक संडास, गच्ची. बंगल्यात राहणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, त्याचे फाटक उघडले की रस्ता. आपल्या माणसाचे निम्मे आयुष्य मात्र याच मधल्या जागेत जाते. मुले तिथे खेळतात, बायका तिथे धान्य निवडतात, रात्रपाळीहून आलेला माणूस तिथेच बूट काढतो. ती घरही आहे आणि सार्वजनिकही आहे. कायद्याच्या पुस्तकात तिला सामाईक क्षेत्र म्हणतात. महाराष्ट्रात १९७० चा आणि उत्तर प्रदेशात २०१० चा अपार्टमेंट कायदा तिची व्याख्या करतो. पण ती व्याख्या मालकीहक्क आणि देखभालीच्या खर्चाची वाटणी करण्यासाठी आहे. रेल्वे क्वार्टरमध्ये, सरकारी गाळ्यात, गरिबांसाठी बांधलेल्या चार मजली वसाहतीत राहणारा माणूस पुष्कळदा मालक नसतोच.

आमच्या झाशीत तर गंमत आणखी आहे. रेल्वे वसाहत रेल्वेची, छावणी २००६ च्या कटक कायद्याखालच्या छावणी मंडळाची, शहर नगर निगमचे. ड्युटीवरून निघालेला माणूस मुलासाठी औषध घेऊन घरी पोहोचेपर्यंत तीन सत्तांच्या हद्दी ओलांडतो. साथीच्या दिवसांत प्रत्येक हद्दीत फलक होता, प्रत्येक हद्दीत दंड घेणारा होता. मास्क हातात ठेवणारा मात्र कुठल्याच हद्दीत ठरलेला नव्हता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर या लेखाचा विपर्यास होईल. नियम हवा. मास्क म्हणजे सरकारी थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. हा रोग श्वासावाटे, हवेतून पसरतो. कोंदट लिफ्टमधून एखादा खोकून उतरला तरी त्याच्या श्वासातले सूक्ष्म कण मागे तरंगत राहतात आणि पुढच्या मजल्यावर चढणारा ते आत ओढतो. रेल्वे बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मे २०२१ मध्ये सांगितले होते की तोपर्यंत १९५२ रेल्वे कर्मचारी करोनाने गेले आणि रोज सुमारे एक हजार नव्याने बाधित होत होते. त्या काळात घरून काम करणारा वर्ग वेगळा होता. आपले लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन, ट्रॅकमन, सफाईवाले कामावर जात होते आणि त्याच जिन्याने घरी येत होते. १ मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुटल्या, ६० लाखांहून अधिक माणसे त्यांनी घरी पोहोचवली. महाराष्ट्रातून चालत, ट्रकमधून निघालेल्यांची गर्दी याच झाशी जिल्ह्याच्या रक्सा सीमेवर अडली होती. अशा जंक्शनवर काम करून परतणाऱ्या माणसाने जिन्यात तोंड झाकावे, यात त्याच्या शेजाऱ्याचा हक्क आहे आणि त्याच्या स्वतःच्या म्हाताऱ्या आईचाही.

दाट वस्तीत काय घडते याचा पुरावाही आहे. जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने शहराच्या तीन विभागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासून निष्कर्ष जाहीर केले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, बाहेरच्या इमारतींत १६ टक्क्यांना. एकच शहर, एकच पालिका, एकच आदेश. दाटी आणि सामाईक संडास, सामाईक नळ यांच्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवले. झोपडपट्टीतला माणूस बेपर्वा होता म्हणून हे झाले, असे जो म्हणेल त्याने एक आठवडा सकाळी सहा वाजता त्या रांगेत उभे राहावे.

आता त्या रांगेला मास्कचा नियम कसा लागतो ते पाहू. मुंबईच्या बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकेका इमारतीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास खोलीबाहेर, सगळ्यांचे मिळून. १९२० च्या दशकात सरकारनेच त्या बांधल्या. एवढ्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात तेव्हा गॅलरी ही घराचीच खोली असते. तिथे चोवीस तास मास्क लावा म्हणणे म्हणजे घरातच मास्क लावून राहा म्हणणे होय. दात घासताना मास्क कसा लावावा हे कोणत्याही परिपत्रकात आमच्या वाचनात आलेले नाही. उलट उघडी, हवेशीर गॅलरी आणि बंद जिना या दोन्ही जागा सारख्या धोक्याच्या नसतात. मोकळ्या हवेत धोका बराच कमी, बंद जागेत जास्त. म्हणून नियम करणाऱ्याने सामाईक जागा म्हणून एकच शब्द लिहून हात झटकू नयेत. लिफ्ट आणि बंद जिन्यात मास्क, मीटरच्या खोलीत आणि छताखालच्या संडासाच्या रांगेत मास्क, उघड्या गॅलरीत आणि गच्चीवर गर्दी नसेल तर सक्ती नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना सक्ती नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही जून २०२१ च्या सूचनांत या वयाच्या मुलांना मास्कची गरज नाही असेच म्हटले होते. दम्याच्या माणसाला सवलत. इतके लिहायला अर्धा कागद पुरतो.

याच बीडीडीचे दुसरे टोकही पाहण्यासारखे आहे. वरळीत पुनर्विकासाच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचे घर, संडास घरात. या आनंदात आम्ही सामील आहोत. चाळीची गोडवी गाणारे लेखक बहुधा चाळीत राहत नसतात. पण माणूस उघड्या गॅलरीतून उंच मनोऱ्यात गेला, म्हणजे त्याची सामाईक जागा आता लिफ्ट आणि बंद पॅसेज झाली. चाळीत वारा फुकट होता. मनोऱ्यात पंखा, लिफ्ट, दिवा यांना महिन्याची वर्गणी लागते, आणि वर्गणी थकली की सर्वांत आधी पॅसेजमधला पंखा बंद होतो.

हे भाकीत नाही, मुंबईत घडून गेलेले आहे. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना सात-आठ मजली इमारती बांधून दिल्या. लल्लूभाई कंपाउंडात मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रेल्वेरुळांलगतच्या झोपड्यांतून हलवलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे हा आपल्याच रुळांचा विषय आहे. दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, वारा फिरत नाही. डॉक्टरांच्या एका संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केलेला अभ्यास २०१८ मध्ये बाहेर आला. या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण जवळच्या, मोकळ्या मांडणीच्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले, आणि खालच्या मजल्यांवर ते अधिक होते. हे करोनाच्या दोन वर्षे आधीचे. तिथल्या रहिवाशाने २०२० मध्ये जिन्यात मास्क लावला, चांगलेच केले. पण ज्या आराखड्यावर सही झाल्यामुळे त्या जिन्यात वारा येत नाही, त्या सहीचा दंड कोणी भरला?

दंडाकडे येतो. उत्तर प्रदेश सरकारने एप्रिल २०२१ मध्ये विनामास्क सापडणाऱ्याला पहिल्या वेळी १००० रुपये आणि दुसऱ्या वेळी १०००० रुपये दंड ठरवला. दहा हजार म्हणजे कंत्राटी सफाई कामगाराच्या हातात पडणाऱ्या महिन्याच्या पैशांना जाऊन भिडणारी रक्कम. मुंबईत आधी १००० होते, ते पुढे २०० केले, आणि वसुलीला क्लीनअप मार्शल ठेवले. त्यांच्याबद्दल मुंबईकराला आम्ही नव्याने काही सांगायला नको. रेल्वेने १७ एप्रिल २०२१ रोजी स्टेशनात आणि गाडीत ५०० रुपयांपर्यंत दंड लावला, तो २०१२ च्या स्वच्छतेच्या नियमांखाली, म्हणजे थुंकणाऱ्यासाठी केलेल्या नियमात मास्क नसणारा बसवला. आता रेल्वे परिसर म्हणताना त्यात आपल्या वसाहतीचा जिना येतो की नाही? आमच्या मते हे कोणाच्या मर्जीवर सोडता कामा नये. जिन्यात पावतीपुस्तक घेऊन माणूस उभा करायचा नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा फोटो काढून अधिकाऱ्याला पाठवायचा, ही पद्धत तर वसाहतीत विष कालवणारी आहे. ती आमच्या एका साथीच्या वाट्याला आली. रात्री दोन वाजता गाडी सोडून आलेला माणूस, घामाने भिजलेला मास्क खिशात घालून तिसरा मजला चढत होता, आणि सकाळी त्याच्याबद्दल तक्रार पोहोचलेली. त्याला ड्युटीवर दुसरा मास्क कोणी दिला होता का, हे मात्र कोणी विचारले नाही.

दंडाशिवाय नियम कोण पाळणार, असे विचारतात. त्याचे उत्तर शेजारच्या बांगलादेशात आहे. २०२०-२१ मध्ये तिथे ६०० गावांत, तीन लाखांहून अधिक प्रौढांमध्ये, मास्कची चाचणी झाली. काही गावांत मास्क घरपोच फुकट दिले, बाजारात आणि मशिदीपाशी माणसे उभी करून आठवण केली, गावातल्या मान्यवरांना आधी लावायला सांगितले. दंड नाही, पोलीस नाही. मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारा संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला. साठीच्या पुढच्या माणसांत घट याहून मोठी होती. ४२ म्हणजे शंभर नव्हे, हे खरे. पण जे झाले ते वाटप करून आणि समजावून झाले. आपल्या द्वारसभेत माणसे कशी जमतात हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

उलटे उदाहरण ऑस्ट्रेलियातले. मेलबर्न शहरात सरकारी भाड्याच्या घरांचे उंच टॉवर आहेत, राहणारे बहुतेक गरीब आणि परदेशांतून आलेले. ४ जुलै २०२० रोजी त्यांतले नऊ टॉवर सरकारने घोषणेबरोबर, तासाभराचीही सवड न देता बंद केले. सुमारे तीन हजार माणसे आत, खाली पोलीस. लिफ्ट सामाईक, कपडे धुण्याची जागा सामाईक, म्हणून धोका मोठा होता हे खरेच होते. पण अन्न, औषधे वेळेवर पोहोचली नाहीत. त्या राज्याच्या लोकायुक्तांनी डिसेंबर २०२० च्या अहवालात म्हटले की तत्काळ बंदी हा मानवी हक्कांचा भंग होता, आणि तसा सल्ला आरोग्य खात्याने प्रत्यक्षात दिलेला नव्हता. श्रीमंत वस्तीतल्या एखाद्या इमारतीबाबत सरकार असे वागले असते का, हा प्रश्न तिथेही विचारला गेला.

आपल्याला हा प्रश्न १२५ वर्षांपासून ठाऊक आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार नावानिशी लिहिलेला आहे; साथीच्या कायद्यात रेल्वेचा माणूस पहिल्या दिवसापासून आहे. पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या त्याचा शेवट कसा झाला हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्याच साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्टही निघाला. हवेशीर घरांची गोष्ट सरकार दरबारी तेव्हापासून आहे, आणि झडतीची गोष्टही तेव्हापासूनच आहे. २०२० मध्ये बाहेर काढला तो हाच कायदा. अवज्ञेला शिक्षा होती भारतीय दंडसंहितेच्या १८८ कलमाखाली. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २२३ वे कलम तिथे आले आहे. कलमाचा आकडा बदलला, घराच्या सामाईक जागेची जबाबदारी कोणाची हे मात्र कुठेच लिहिलेले नाही.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये निवासी संकुलांसाठी सूचना काढल्या होत्या: मास्क, सहा फूट अंतर, प्रवेशद्वारावर तापमान तपासणी, हात धुण्याची सोय. सूचना चांगल्या होत्या, पण त्या फाटक असलेल्या संकुलांसाठी होत्या. ज्या वसाहतीला फाटक नाही, पहारेकरी नाही, रहिवासी संघ नाही, तिने काय करावे? आणि ज्या संकुलांना फाटक होते तिथे काय झाले? आपल्या घरातल्या ज्या बाया तिथे भांडी घासायला जातात त्यांना लिफ्ट बंद, जिना चढून या. रोग कोण आणतो याबद्दल त्या कमिट्यांची खात्री झालेली होती. विमानाने कोण आले होते हे तेवढे कोणी विचारले नाही.

सवलतीचे घर म्हणजे उपकार, या समजुतीतून हे सारे येते. रेल्वे क्वार्टरचीच गोष्ट घ्या. क्वार्टर घेतले की घरभाडे भत्ता बंद होतो, वर परवाना शुल्क पगारातून कापले जाते. मग फुकट काय राहिले? घर हा आपल्या मोबदल्याचा भाग आहे. म्हणून जिन्याची खिडकी, तुटलेली जाळी, न चालणारा दिवा ही रेल्वेची जबाबदारी आहे, आणि त्या जिन्यातला मास्क हीसुद्धा. शिस्तभंगाची किंवा घर काढून घेण्याची धमकी या नियमाला जोडली गेली तर संघटना ती मान्य करणार नाही, हे आजच लिहून ठेवतो.

सफाई कामगाराबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. वसाहतीतल्या प्रत्येक जिन्यात दिवसातून एकदा पाऊल टाकणारी व्यक्ती तीच असते, आणि तीच बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची आहे. रहिवाशाने मास्क लावला नाही तर धोका तिला, तिने लावला नाही तर धोका चाळीस घरांना. तिचा मास्क, हातमोजे, साबण ठेकेदार देतो असे कागदावर असते. कामाचा मूळ मालक रेल्वे आहे. ठेकेदाराचे बिल मंजूर करताना या वस्तू प्रत्यक्ष दिल्या की नाहीत हे तिच्या सहीनिशी पाहावे. २०२० मध्ये आपल्याच कारखान्यांनी कापडी मास्क शिवले, जगाधरीच्या कारखान्याने डॉक्टरांचे संरक्षक पोशाख तयार केले, पाच हजारांवर डब्यांचे रुग्णकक्ष झाले. हे सगळे आपल्या माणसांनी केले. शिवणारे हात आपल्याकडे आहेत, मग वसाहतीतल्या घरटी पाच मास्क देणे अशक्य का असावे?

क्षयरोगाचा उल्लेख वर आला. करोना गेला, क्षय गेलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. म्हणून मास्कचा नियम पुढच्या साथीसाठीच नाही, आजच्या जिन्यासाठीही आहे. इथे फार जपून चालावे लागेल. अमक्या घरात क्षय आहे, त्यांनी मास्क लावावा, असा फलक कोणी लावू लागला तर माणूस औषध लपवून घेईल, आणि मग सगळ्यांनाच धोका. खोकला असलेला कोणीही मास्क लावेल, नाव विचारायचे नाही, यादी लावायची नाही. आरोग्य निरीक्षकाकडे जी माहिती आहे ती त्याच्याच कपाटात राहील.

झाशीच्या आमच्या शाखेने यावर कामाला सुरुवात केली आहे. कॉलनी केअर कमिटीत आपले प्रतिनिधी असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत आपापल्या ब्लॉकचा एकेक जिना मोजून आणावा: खिडकी किती फूट, ती उघडते का, बंद असेल तर कोणी आणि कधी बंद केली, रात्री दिवा असतो का, सामाईक नळावर साबण ठेवायला जागा आहे का. टाइप वन आणि टाइप टूच्या क्वार्टरपासून सुरुवात करावी, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांना जिने नाहीत. खिडक्यांची यादी इंजिनिअरिंग विभागासाठी वेगळी आणि मास्क-साबणाची वैद्यकीय विभागासाठी वेगळी करावी, नाहीतर एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवील आणि आयटम तीन पीएनएम तसाच पुढे ढकलला जाईल. रनिंग रूमचे निवेदन लोको शाखेने स्वतंत्र पाठवावे, तिथे खाटाही सामाईक आहेत. इतर विभागांतल्या शाखांनीही अशी मोजमापे घेऊन केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावीत. कागद साधा असला तरी चालेल, फक्त ब्लॉकचा क्रमांक आणि मोजणी केल्याची तारीख त्यावर स्पष्ट असावी.